सॉसेज-पाव : कधीतरी खावा, सवय लावू नये

वरणगाव-भुसावळच्या वस्त्यांमध्ये आरोग्याविषयी बोलायला गेलो की आयाबाया हमखास विचारतात, "ताई, पोरं सॉसेज-पाव मागतात. द्यावा का?" उत्तर देण्याआधी सॉसेज म्हणजे काय ते समजून घेऊ.

बारीक केलेले मांस मीठ-मसाला लावून आतड्याच्या नळीत भरले की सॉसेज तयार होते. मांस टिकावे म्हणून ही युक्ती निघाली. आपल्या आज्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करून ठेवत, त्यामागचा विचारही हाच. अशा खाण्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

गोव्यात डुकराचे मांस मीठ, मिरची, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरतात व वाळवतात. त्याला चोरिस म्हणतात. पावसाळ्यात मासे कमी मिळत, तेव्हा ही साठवण कामी येई. पाव पोर्तुगीजांनी आणला, 'पाव' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. जर्मनीत निखाऱ्यावर भाजलेले सॉसेज मोहरीची चटणी लावून छोट्या पावात देतात. जर्मन लोक अमेरिकेत जाऊन राहिले आणि तिथे त्याचा हॉट डॉग झाला. अर्जेंटिनात त्यालाच चोरिपान म्हणतात.

यात गोव्याची रीत आपल्याला शिकण्यासारखी आहे. तिथे थोडे चोरिस भरपूर कांदा-बटाट्यात शिजवतात आणि ते पावात भरतात. मांस चवीपुरते असते, पोट बाकीच्या जिनसांनी भरते.

आता धोका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सांगितले की खारवलेले, धुरवलेले किंवा टिकवलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. एखाद्या दिवशी खाल्ले म्हणून घाबरू नका. धोका रोजच्या सवयीत आहे. दुसरी गोष्ट मिठाची. मोठ्या माणसाला दिवसभरात एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. सॉसेजमध्ये मीठ आधीच खूप असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी ते टाळलेलेच बरे. कोंबडीचे सॉसेजही टिकवलेले मांसच आहे.

घरी आणलेच तर एवढे पाळा :

१. पाकिटावरची तारीख पाहा. बर्फ वितळून मऊ पडलेले पाकीट घेऊ नका.
२. आतपर्यंत शिजवा. वाळवलेले चोरिसही कच्चेच असते.
३. भाजीत वरून मीठ घालू नका. कांदा, टोमॅटो, कोबी भरपूर घाला.
४. चार वर्षांखालील मुलांना गोल चकत्या देऊ नका, घशात अडकून जीव गुदमरतो. उभे चिरून बारीक तुकडे करा.

आणि पोरांचे रोजचे पोषण? त्यासाठी अंडे, डाळ, शेंगदाणे आणि कळण्याची भाकरी आहेच. पाकिटाच्या पैशात त्यातले बरेच काही येते, एवढा हिशोब करूनच दुकानाची पायरी चढा.