उन्हाळी सुट्टीतील परिसर अभ्यास : घराजवळची भटकंती आणि परसबाग



एप्रिल उजाडला की सकाळची शाळा सुरू होते आणि पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, "बाई, सुट्टीत याला कुठला क्लास लावू?" माझं उत्तरही ठरलेलं असतं. आठवड्यातून एक सकाळ मुलांना घेऊन घराजवळ फिरा आणि रोज पंधरा मिनिटं त्यांच्यासोबत मातीत हात घाला. यासाठी गाडी लागत नाही, फी लागत नाही. परिसर अभ्यास, गणित आणि भाषा हे तिन्ही विषय यात आपोआप येतात.

खालील नियोजन वाशिंद आणि शहापूर परिसर डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. तुमच्या गावात नावं बदला, पद्धत तीच ठेवा.

भटकंती : तीन सकाळी

वेळ सकाळी सात ते नऊ. त्यानंतर ऊन वाढतं. सोबत पाण्याची बाटली, टोपी, वही-पेन्सिल.

१) आपलं स्टेशन

रोज दिसणारी गोष्ट मुलांना दिसेनाशी होते. स्टेशन हे त्याचं उत्तम उदाहरण! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली. पुढे १८५४ मध्ये ती कल्याणला आणि १८५५ मध्ये वाशिंदला पोहोचली. इथून आसनगावपर्यंतचा पुढचा टप्पा सुरू झाला तो १८६० मध्ये. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ या बाजूची रेल्वे वाशिंदलाच संपत होती. मुलांना विचारा : तेव्हा नाशिककडे जाणारा माणूस इथे उतरून पुढे कसा जात असेल? सामान कशावर लादत असेल?

स्टेशनबाहेर या दिवसांत पानांच्या द्रोणात करवंदं विकायला बसलेल्या मावश्या असतात. करवंदं घ्याच, पण मुलालाच बोलू द्या. "मावशी, कुठून आणली? किती वाजता निघालात?" एवढे दोन प्रश्न पुरेत. दहा रुपयांच्या द्रोणामागे किती पायपीट असते हे पुस्तकातून कळत नाही.

२) मोहाचं झाड

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, तीही रात्री आणि पहाटे. म्हणून लवकर जायचं. आपल्या भागातली ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबं ही फुलं वेचून वाळवून ठेवतात. नंतर बियांचं तेल काढतात. झाडाखालची जागा झाडून ठेवलेली दिसली तर समजा, ते झाड कुणाच्या तरी वेचणीचं आहे. तिथली फुलं उचलायची नाहीत, फक्त बघायची. हा शिस्तीचा धडा मुलं पटकन शिकतात.

त्याच वाटेवर पळस, काटेसावर, करवंदीच्या जाळ्या आणि पुढे मे महिन्यात पिवळाधमक बहावा भेटतो. तांबट पक्ष्याचा 'टुक टुक' आवाज मोजायला सांगा. एका मिनिटात किती वेळा? हेही गणितच.

३) भातसा नदी

ही फेरी सर्वांत महत्त्वाची. मे महिन्यात ओढे कोरडे पडतात, विहिरींचा तळ दिसतो, पण भातसा नदी वाहत असते. का? कारण भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उचललं जातं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं पाणी भातसाचं आहे.

इथे चौथीतल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न सांगते. "बाई, नदी भरलेली आहे, मग माझ्या मामाच्या पाड्यावर टँकर का येतो?"

हा प्रश्न टाळू नका. मुलाला समजेल असं खरं उत्तर द्या. आपल्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण जमिनीखाली काळा कातळ आहे, पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून वाहून जातं. पाडे उंचावर आणि विखुरलेले. नदी आणि धरण खाली. खालचं पाणी वर न्यायला पाइप, पंप, टाकी आणि वीज लागते. शहरासाठी ही सोय झाली, अनेक पाड्यांपर्यंत ती अजून नीट पोहोचलेली नाही. ती का नाही, हे मोठेपणी विचारायचं आणि सोडवायचंही त्यांनाच आहे.

सूचना : नदी काठावरून किंवा पुलावरूनच बघायची. धरणातून पाणी सोडलं की प्रवाह बदलतो, खोलीचा अंदाज येत नाही. सुट्टीत बुडण्याच्या घटना याच पात्रात घडतात. पोहता येणाऱ्या मुलालाही उतरू देऊ नका.

परसबाग : अंगण नसेल तर गोणीत

जागा नाही ही सबब चालणार नाही. जुनी गोणी, फुटकी बादली, तेलाचा डबा काहीही चालतं. तळाला भोकं मात्र हवीत.

- एप्रिलमध्ये लावा : लाल माठ, भेंडी, गवार, चवळी. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. माठ साधारण महिनाभरात ताटात येतो, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही.
- मे अखेरीस आळी करून ठेवा : काकडी, दोडकं, पडवळ, कारलं. पाऊस सुरू झाला की वेल मांडवावर चढतात. मांडव कसा घालायचा हे आजोबांना विचारा, मुलांना त्यांच्या हाताखाली द्या.
- मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका.
- वाळलेला पाचोळा जाळू नका. बुंध्याशी पसरा, ओल टिकते.
- मातीचं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपतं, भोवतीची रोपं तगतात.

पाण्याचा हिशोब

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा. मुलाने ते लिटरच्या मापाने मोजून झाडांना घालायचं. समजा रोज ४ लिटर जमलं.

४ × ३० = १२० लिटर
एक हंडा १५ लिटरचा धरला तर १२० ÷ १५ = ८ हंडे

आता मुलाला विचारा : हे आठ हंडे पाड्यावरच्या एखाद्या आजीला डोक्यावरून आणावे लागले असते तर किती खेपा झाल्या असत्या? भागाकाराचं उत्तर मुलं लगेच देतात. त्यानंतर जी शांतता होते, तो खरा धडा.

नोंदवहीत काय लिहावं?

रोज तीनच ओळी. आज काय पाहिलं, काय मोजलं, कोणता प्रश्न पडला. शुद्धलेखन सुट्टीत तपासू नका. मोठ्यांनी सांगितलेला एखादा बोलीतला शब्द आला तर तो तसाच राहू द्या.

शिक्षकांसाठी

जूनमध्ये या वह्या वर्गात मागवा, पण गुण देऊ नका. प्रत्येकाच्या वहीतला एक प्रश्न फळ्यावर लिहा आणि त्यातूनच पाण्याचा पाठ सुरू करा. ज्यांच्याकडे बी उरलं असेल त्यांनी ते शाळेच्या परसबागेसाठी आणावं. पोषण आहाराच्या खिचडीत मुलांनी लावलेला दोडका पडला की तो कुणी ताटात टाकत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि पालकहो, रोजची ती पंधरा मिनिटं मोबाईल घरात ठेवून द्या. बाकी सगळं मूल करून घेतं.