काकडीच्या वेलास ताटी, वळण व छाटणी

काकडी हें आपल्याकडील घरोघरचें पीक आहे. तिचें मूळ स्थान हिंदुस्थानच होय असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात; हिमालयाच्या पायथ्याशीं तिची रानटी व कडू जात अद्याप आढळते. पीक इतकें ओळखीचें, म्हणूनच कीं काय, त्याच्याकडे पद्धतशीर लक्ष देण्याची आपणांस गरज वाटत नाहीं. बीं टोंचलें, वेल पसरला, हातास लागेल ती काकडी तोडली, एवढ्यावर आपली मशागत संपते. आमच्या धारणीकडे मक्याच्या कडेनें टाकलेला वेल आपोआप ताटांवर चढतो व त्याची काकडी सरळ आणि स्वच्छ निघते; जमिनीवर लोळणाऱ्या वेलाची काकडी मात्र मातीच्या बाजूनें पिवळी पडते, किंवा नासते. हा फरक दरवर्षीं डोळ्यांसमोर असतां त्यावरून धडा घेणारे थोडेच. तो धडा पायरीपायरीनें मांडावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. मेळघाटांत मृगापासून उत्तरेपर्यंत पाऊस भरपूर असतो. तापीस मिळणाऱ्या गडगा, सिपना या नद्यांच्या खोऱ्यांत जेथें जमीन भारी आहे, तेथें ओल लवकर हटत नाहीं. दाटीनें पसरलेल्या वेलाचीं पानें दिवसभर ओलीं राहतात, त्यांवर केवडा पडतो, आणि ऐन तोड्याच्या वेळीं वेल वाळून जातो. काकडीचा बहुतेक खर्च, म्हणजे बियाणें, खत, निंदणी, हा पहिला तोडा हातीं येण्यापूर्वींच झालेला असतो. तोडे चार मिळाले तर खर्च अंगावर पडतो. दहाबारा मिळाले तर घरांत पैसा येतो. सबब वेल लांब वाढविणें हा आपला हेतु नसून, तो पुष्कळ दिवस निरोगी ठेवणें हा आहे.

वेलाचा स्वभाव

कोणत्याही वेलाची छाटणी करण्यापूर्वीं त्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. काकडीच्या वेलाच्या प्रत्येक पेरावर एक पान असतें. त्या पानाच्या बगलेंत तीन गोष्टी निघतात : एक तणावा, एक किंवा अधिक फुलें, आणि एक बगलफूट. हीच बगलफूट पुढें आडवेल होते.

फुलें दोन प्रकारचीं असतात. नरफूल बारीक देंठावर येतें. मादीफुलाच्या मागें मात्र इवलीशी काकडी प्रथमपासूनच दिसते. आपल्या नेहमींच्या जातींत नरफुलें अगोदर येतात. कित्येक शेतकरी त्यांस 'वांझ फुलें' म्हणून खुडून टाकतात. हा मोठा गैरसमज आहे. नरफुलांतील पराग मधमाशीनें मादीफुलावर नेला नाहीं, तर फळ धरत नाहीं. व अर्धवट नेला तर काकडी एका टोंकास बारीक किंवा वांकडी होते. फूल सकाळीं उमलतें आणि त्याचें आयुष्य एका दिवसाचें असतें. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळीं औषध फवारूं नये. अगत्य पडल्यास सायंकाळीं फवारावें.

आतां मुख्य मुद्दा. पुणें खिरा, हिमांगी यांसारख्या जातींत मुख्य वेलावर नरफुलें अधिक व आडवेलांवर मादीफुलें अधिक येतात. उलट कांहीं संकरित जातींत मुख्य वेलावरच जवळजवळ पेरागणिक मादीफूल येतें. पहिल्या प्रकारांत सर्व आडवेल काढले तर फळच गेलें. दुसऱ्या प्रकारांत मुख्य वेलाचा शेंडा लवकर खुडला तर फळच गेलें. एकाच गांवांत एकास छाटणी लाभते व दुसऱ्यास बाधते, याचें एक मोठें कारण हेंच आहे. बियाणें घेतांना पुडीवरील मजकूर वाचून जात कोणत्या प्रकारची आहे याची खात्री करून घ्यावी. मादीफुलेंच देणाऱ्या संकरित बियाण्यांत परागासाठीं थोडें साधें बीं मिसळलेलें असतें. तें निराळ्या रूपाचें दिसलें म्हणून उपटून टाकूं नये. परागावांचूनच फळ धरणाऱ्याही कांहीं जाती आहेत. त्या मुख्यतः जाळीच्या बंदिस्त घरांत लावितात.

ताटी उभारणें

ताटी वेल पसरल्यावर नव्हे, तर बीं लावण्यापूर्वीं किंवा लावल्यावर पंधरा दिवसांच्या आंत उभारावी. ओळी दक्षिणोत्तर धराव्या, म्हणजे दोन्ही अंगांस ऊन मिळतें. दोन ओळींत ५ फूट व दोन वेलांत २ फूट अंतर ठेवावें. एके ठिकाणीं एकच जोमदार रोप राखावें. आठ फूट लांबीचा बांबू दोन फूट जमिनींत गाडून, दर ८ फुटांवर एक याप्रमाणें उभा करावा. ओळीच्या दोन्ही टोंकांचे खांब जाड घेऊन त्यांस बाहेरून तारेचा ताण द्यावा. हा ताण नसेल तर पीक भरात येतांच सबंध ओळ आडवी होते. बांबूंच्या माथ्यावरून एक तार ओढावी व तिच्यापासून प्रत्येक वेलासाठीं एकेक सुतळी खालीं सोडावी.

याचा हिशेब असा. एकरीं सुमारें ४,३५० वेल व १,१०० बांबू लागतात. एवढा खर्च एकदम करावा असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्या वर्षीं पांच गुंठ्यांवरच प्रयोग करावा. त्यास सुमारें ५४५ वेल व १३६ बांबू पुरतात. शेताच्या बांधावर बांबू लावलेला असेल तर हा खर्च आणखी हलका होतो. सन २०१७ च्या दुरुस्तीनें, जंगलाबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्यांतील 'वृक्ष' या व्याख्येंतून वगळण्यांत आला आहे, हें पुष्कळांस अद्याप ठाऊक नाहीं.

वेलास वळण

वेलास पांच-सहा पानें आलीं म्हणजे सुतळीचें खालचें टोंक त्याच्या बुंधाशीं सैल फांसानें बांधावें. फांस करकचून आंवळल्यास बुंधा जाड होतांच तो कापला जातो. नंतर दर दोन-तीन दिवसांनीं वेल सुतळीभोंवतीं एकाच दिशेनें गुंडाळीत जावा. हें काम दुपारनंतर करावें. सकाळीं वेल पाण्यानें तट्ट भरलेला असल्यामुळें त्याचा शेंडा काडीसारखा मोडतो. दुपारनंतर तो लवचिक असतो.

छाटणीचे नियम

१. जमिनीपासून पहिल्या चार-पांच पेरांवरील बगलफुटी, तणावे व मादीफुलें काढून टाकावीं. खालची काकडी मातीस टेंकते, आणि लहान वेलावर फळाचा भार पडल्यानें त्याची वाढ खुंटते.

२. त्यापुढील पेरांवरील आडवेल साध्या जातींत ठेवावे. मात्र प्रत्येक आडवेलास दोन पानें व एक-दोन फळें दिसतांच त्याचा शेंडा खुडावा. मादीफुलप्रधान संकरित जातींत मुख्य वेल एकटाच वर न्यावा व बहुतेक आडवेल लहानपणींच काढावे.

३. मुख्य वेल तारेवर पोंचला म्हणजे तो तारेवरून वळवून शेंडा खुडावा, आणि माथ्याजवळील दोन आडवेल दोन बाजूंस खालीं सोडावे. याचा आकार छत्रीसारखा होतो. काचगृहांत काकडी पिकविणाऱ्या देशांत ही रीत रूढ आहे.

४. बगलफूट बोटभर असतांनाच नखानें खुडावी. ती हातभर वाढूं देऊन मग कापणें म्हणजे वेलानें त्यावर खर्चिलेला जीवनरस फुकट घालविणें होय.

५. वांकडी, किडकी किंवा फळमाशीनें टोंचलेली काकडी दिसतांच काढून शेताबाहेर खोल पुरावी. ती वेलावर ठेवल्यास चांगल्या काकडीचा वांटा खाते.

६. तोडा होऊन गेलेल्या पेरांखालचीं पिवळीं व रोगट पानें काढावीं. पण एका वेळीं दोन-तीनच. हिरवें पान हेंच वेलाचें स्वयंपाकघर आहे.

७. छाटणी दंव उडाल्यावर, कोरड्या हवेंत व दुपारपूर्वीं करावी, म्हणजे जखम सायंकाळपर्यंत वाळते. मोझॅक झालेल्या वेलास निरोगी वेलांच्या अगोदर हात लावूं नये. त्याचें काम सर्वांत शेवटीं करून हात व पातें साबणानें धुवावें. या रोगाचे कांहीं प्रकार रसाबरोबर पसरतात.

जो मनुष्य ताटी उभारणारच नाहीं, त्यानें निदान एवढें करावें : साध्या जातीच्या वेलास सहा-सात पानें येतांच त्याचा शेंडा खुडावा, व पुढें फुटणाऱ्या आडवेलांपैकीं तीन-चार राखून ते निरनिराळ्या दिशांस पसरवावे. फळांखालीं वाळलेलें गवत किंवा भुसकट घालावें.

आमच्या हातून झालेली चूक

छाटणीचा पहिला धडा आम्हीं नुकसान सोसून घेतला. ताटीवरचा वेल आटोपशीर दिसूं लागतांच आम्हांस त्याची गोडी लागली, आणि रोज हातीं कात्री घेऊन आम्ही ओळींतून फिरूं लागलों. जात साधी होती. तरी आम्हीं सर्व आडवेल काढले, पानेंही विरळ केलीं. वेल चित्रासारखे दिसले, पण त्यांवर फुलें नरांचींच राहिलीं. जीं थोडीं फळें धरलीं त्यांवर पानांची सावली नसल्यामुळें उन्हाचे पांढरे डाग पडले. शेजारच्या ओळींत वेळेअभावीं छाटणी राहून गेली होती. तिनेंच त्या वर्षीं आमची लाज राखली. दोन पानें रोगट दिसलीं म्हणून सबंध वेल बोडका करणें, म्हणजे काकडीच्या चोरीस फांशीची शिक्षा देण्यासारखें आहे, हें आम्हांस तेव्हां कळलें. म्हणून आमचें सांगणें असें कीं, संशय आल्यास कमीच छाटावें.

खत, पाणी व तोडा

छाटणीनें सर्व कांहीं साधतें असें नाहीं. नत्राचें खत एकदम भरपूर दिल्यास वेल पानांनीं माजतो व मादीफुलें मागें पडतात. तें विभागून द्यावें. उन्हाळी पिकास मोठा दिवस व कडक ऊन यांमुळें नरफुलें अधिक येतात, म्हणून उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारींतच आटोपावी. पाणी नियमित द्यावें. काकडी कडू निघाली कीं आपण देंठाकडील चकती घांसून फेंस काढतों. परंतु हा कडूपणा कुकरबिटासिन नांवाच्या द्रव्याचा असून, पाण्याचा ताण व उष्णता यांनीं तो वाढतो. त्याचा उपाय शेतांत आहे, ताटांत नाहीं.

लागवडीपासून सुमारें ४० ते ४५ दिवसांनीं तोडा सुरू होतो. तेथून दर दोन-तीन दिवसांनीं, काकडी कोंवळी असतांनाच, तोडा झाला पाहिजे. एक काकडी पिकून बियांवर गेली तर वेलास आपलें कार्य झालें असें वाटतें व तो पुढील फळ धरण्याचें मंद करतो. तोडतांना ओढूं नये. देंठ ठेवून कापावी.

नोंद

शेवटीं एक सूचना. पांच गुंठ्यांपैकीं दोन ओळी जाणूनबुजून न छाटतां ठेवाव्या. दोहोंचा तोडा निरनिराळा तोलून, मजुरी, सुतळी व तार यांच्या खर्चासह वहींत मांडावा. ज्याच्या घरीं मजुरीस माणूस मिळत नाहीं, त्यास ताटी लाभेल पण पूर्ण छाटणी परवडेल कीं नाहीं, हें ती वहीच सांगेल. आमचा लेख सांगूं शकणार नाहीं. तसेंच भाजीपाल्याची नोंद सातबाऱ्यावर करण्याचा कंटाळा करूं नये. सन २०२१ पासून ही पीकपाहणी शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाईलवरून करतां येते. अतिवृष्टीनें वेल गेल्यावर, नोंद नसलेल्या पिकाचें नुकसान सिद्ध करणें किती कठीण असतें, हें आम्हीं दप्तरांत उभा जन्म काढून पाहिलें आहे.

जातींची निवड व रोगांवरील औषधें यांविषयीं शंका असल्यास सन १९६९ मध्यें अकोला येथें स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञांस विचारावें. आमचे शेतकरी बंधू व भगिनी येत्या हंगामांत दोन ओळी छाटून व दोन न छाटतां पाहतील, आणि आपला अनुभव, मग तो आमच्या मताविरुद्ध असला तरी, या मासिकास कळवितील अशी आशा आहे.