कवटीचा पाठ

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या खालच्या फळीवर दोन कवट्या आहेत. एक बैलाची, दुसरी कुत्र्याची. अनेक माजी विद्यार्थ्यांना त्या आठवत असतील. इतिहासाच्या शिक्षकाने प्राण्यांचा पाठ का घ्यावा, असे मला आजवर पुष्कळांनी विचारले आहे. त्याचे उत्तर या पाठातच आहे.

पाठाची पद्धत साधी आहे. पुस्तक बंद ठेवायचे, प्राण्याचे नाव सांगायचे नाही आणि तीनच प्रश्न विचारायचे : दात कसे आहेत? डोळ्यांच्या खोबणी कोणत्या दिशेला आहेत? खालचा जबडा कसा हलत असेल?

बैलाच्या वरच्या जबड्याला पुढे दातच नसतात. मुले म्हणतात, "सर, पडले असतील." मग मी दातांच्या खाचा शोधायला सांगतो. खाचा सापडत नाहीत. म्हणजे तेथे दात कधी नव्हतेच. जिवंतपणी त्या जागी टणक हिरडी असते. तिच्या, खालच्या आठ दातांच्या आणि जिभेच्या साहाय्याने बैल गवत तोडतो. दाढा रुंद, चंद्रकोरीसारख्या कंगोऱ्यांच्या. त्यांवर चारा दळण्यासाठी जबडा आडवा फिरतो. डोळे दोन्ही बाजूंना, कारण चरताना मागचा धोकाही दिसला पाहिजे. दात मोजले तर ३२ भरतात. माणसाचेही ३२च! संख्या सारखी असूनही रचना किती वेगळी, हे मुलांना येथे उमगते.

कुत्र्याचे दात ४२. लांब सुळे, कात्रीच्या पात्यांसारख्या दाढा, वर-खाली मिटणारा जबडा आणि समोर रोखलेले डोळे. या दोन कवट्यांवरून आपले विदर्भाचे रान वाचता येते. चितळ, नीलगाय, गवा बैलाच्या बाजूला. लांडगा, कोल्हा कुत्र्याच्या. रानकुत्र्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूची एक दाढ कमी, म्हणून त्याचे दात ४०. अस्वलाच्या वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसतात; त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. हे प्राणी आम्ही चित्रांतूनच शिकवतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्याची कवटी वा शिंग रानात पडलेले सापडले, तरी ते घरी किंवा शाळेत आणून ठेवता येत नाही. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

काही वर्षांपूर्वी पालकसभेत एका विद्यार्थ्याचे आजोबा उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या बापानं मेलेली ढोरं ओढली. बाबासाहेबांनी ते सोडायला लावलं. तुम्ही नातवाच्या हातात पुन्हा हाड देता?"

सभा शांत झाली. प्रश्न रास्त होता. गावोगावी 'हाडकी-हाडोळा' नावाच्या जमिनी होत्या. मेलेली गुरे ओढण्याच्या कामापोटी महारांना दिलेले ते वतन होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. मी आजोबांना एवढेच म्हणालो, "ते काम जन्माने लादलेले होते आणि नाकारण्याची मुभा नव्हती. येथे मूल स्वतःच्या जिज्ञासेने हात पुढे करते." मात्र त्या दिवसापासून मी दोन नियम केले. कवट्यांची सफाई मी स्वतः करतो. विद्यार्थ्याकडे ते काम कधीच द्यायचे नाही. ज्याला कवटीला हात लावायचा नाही, त्याने दुरून आकृती काढावी. त्याचे गुण कमी होत नाहीत.

सभेनंतर आजोबा प्रयोगशाळेत आले. कवटीला त्यांनी हात लावला नाही. दारातूनच पाहून म्हणाले, "आठही दात आले आहेत. पुरता जुळलेला बैल होता." दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला ही वयाची मोजणी आमच्या पुस्तकात नव्हती, त्या वर्षापासून ती पाठात आली. जाताना त्यांनी विचारले, "गिधाडं कुठं गेली हो? आमच्या हाडकीवर थवेच्या थवे उतरत."

आता पाठाचा शेवट याच प्रश्नाने होतो. गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक दिले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९०च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापराविरुद्ध बंदीचे पाऊल उचलले गेले. मृत जनावर काही तासांत फस्त करून रोगराई रोखणारा पक्षी आजच्या बहुतेक मुलांनी पाहिलेलाही नाही.

आजोबांना माझे म्हणणे पूर्ण पटले, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या कामामुळे आपल्या माणसांना अस्पृश्य ठरवले गेले, त्या कामातून त्यांनी जे ज्ञान मिळवले ते आपलेच आहे. काम नाकारताना ते ज्ञान टाकून द्यायचे कारण नाही. म्हणून माझी पालकांना विनंती : घरी वडीलधारे असतील, तर मुलांनी त्यांना गुरांचे वय कसे ओळखत आणि गिधाडे शेवटची कधी पाहिली, हे विचारावे. उत्तरे वहीत लिहून शाळेत आणावीत. आम्ही ती जपून ठेवू.