मुक्याचे देणे

सज्जनहो, काशीहून आणलेली कावड नाथमहाराजांनी रामेश्वराच्या वाटेवर तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. ऐकून आपण म्हणतो, 'केवढी ही दया!' पण ते पाणी रामेश्वरासच पोचले, असा नाथांचा भाव होता. देवाचे होते ते देवाला दिले. मग त्यात उपकार कसला? दया मर्जीवर चालते, आज आली, उद्या नाही आली. देणे मात्र फेडावेच लागते.

हाच वाद पश्चिमेकडील तत्त्ववेत्त्यांतही झाला. जर्मनीतील कांट म्हणे, जनावरांशी क्रूरपणे वागू नये, कारण तसे वागणारा माणसांशीही निष्ठुर होतो. म्हणजे अखेर विचार माणसाचाच! इंग्लंडातील बेंथॅमने १७८९ सालच्या ग्रंथात निराळे मांडले. जनावराला बुद्धी वा वाचा आहे का हे पाहू नका, त्याला दुःख होते का एवढे पाहा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. भूतमात्री भगवंत पाहणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळे पटवावे लागत नाही.

आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा प्रश्न राज्यसभेत लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याचे तिसरे कलम सांगते, की जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे क्षेम पाहावे व त्याला विनाकारण वेदना होऊ देऊ नयेत. हे त्याचे कर्तव्यच आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने जीवमात्राविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या झुंजी-शर्यतींच्या खटल्यात प्राण्यांनाही मानाने जगण्याचा हक्क आहे असे म्हटले. पुढे २०२३ साली घटनापीठाने महाराष्ट्रासह तीन राज्यांचे शर्यतींविषयीचे दुरुस्ती कायदे वैध ठरविले, आणि जनावरांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणण्यास ते तयार झाले नाही. हक्काचा वाद असा राहिला; पण आपले कर्तव्य काही सुटले नाही. मुके जनावर फिर्याद घेऊन चावडीवर येत नाही, म्हणूनच कायद्याने भार धन्यावर टाकला.

आता आपल्याकडे वळू. माउलींच्या रथाच्या बैलांचा केवढा मान! आपण त्यांच्या पाया पडतो. पण मागच्या सामानाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाचा खांदा सुजला आहे का, हे कोण पाहतो? विठ्ठल काय रथाच्याच बैलात आहे?

१९६५ चे नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ओढकामाच्या जनावराला दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक जुंपू नये. विसाव्याशिवाय सलग पाच तासांवर नाही. पारा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपूच नये. आरीची पराणी तर वापरायचीच नाही. दुखावलेल्या, आजारी जनावराला कामाला लावणे हाही गुन्हाच आहे.

ज्या दिंडीत अजून गाडीबैल आहेत, त्यांच्या विणेकऱ्यांना व चोपदारांना आमची विनंती आहे. मुक्कामी पोचल्यावर आधी जू उतरवावे, बैलांना पाणी दाखवावे, खांद्यावर हात फिरवून पाहावा. मग टाळ घेऊन हरिपाठाला उभे राहावे. घरी ज्यांची जनावरे आहेत त्यांनीही हा नेम धरावा. वारी संपली तरी देणे संपत नाही. असो.

रामकृष्णहरि.