बोट पळत नाही तेव्हा

जुनी बास बोट घेतलेल्या कुणाचाही फोन आला की मी आधी एकच विचारतो : पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती दाखवतो आणि त्याच वेळी जीपीएसवर वेग किती असतो? बहुतेकांकडे यातला एकच आकडा असतो. कुणाला वेग ठाऊक असतो, कुणाला ‘इंजिन दमल्यासारखं वाटतं’ एवढंच सांगता येतं. तोवर कार्ब्युरेटरच्या कामाचे पैसे मोजून झालेले असतात आणि बोट होती तिथेच असते. हे दोन आकडे एकत्र नसतील तर बिघाड इंजिनात आहे की पंख्यात (प्रोपेलरमध्ये), की बोटीच्या पोटात, हे ठरवायला काहीच आधार राहत नाही. मग होतो तो अंदाज, आणि इथल्या वर्कशॉपमध्ये अंदाज फार महाग पडतो.

वेग जीपीएसवरच बघायचा. डॅशबोर्डवरचा जुना काटा पाण्याच्या दाबावर चालतो. तो दाब घेणारं बारीक भोक इंजिनाच्या पाण्यातल्या भागात असतं आणि त्यात गाळ बसला की काटा खुशाल खोटं सांगतो. आरपीएमच्या मीटरवरही डोळे मिटून विश्वास नको. त्याच्या मागे इंजिनानुसार लावायचं एक बटण असतं आणि जुन्या बोटीत ते कधी कधी भलत्याच खुणेवर असतं.

मी ह्यूस्टनजवळ राहतो. लेक कॉनरो घरापासून जवळ आहे; सलग सुट्टी मिळाली की पूर्वेला सॅम रेबर्नला जातो. टेक्सासच्या हद्दीत पूर्णपणे सामावलेलं ते सगळ्यात मोठं तळं. बास बोट ही अमेरिकेच्या दक्षिण भागातच जन्मलेली चीज आहे. १९४८मध्ये लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टच्या होम्स थरमंडने लांबट, सपाट, खास बास मासा पकडण्यासाठी अशी पहिली बोट बांधली. पुढे १९६७मध्ये रे स्कॉटने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली आणि मासेमारीला घड्याळ लागलं. जो मोक्याच्या जागी आधी पोहोचेल त्याला जास्त वेळ मिळणार, म्हणून इंजिनं मोठी होत गेली. आज १९-२० फुटांच्या बोटीमागे दीडशे-दोनशे हॉर्सपॉवर पाहून आपल्याकडून आलेले पाहुणे चकित होतात. पण ही बोट त्या ताकदीवरच बेतलेली असते. वेग आला की ती पाण्यावर उचलली जाते आणि तळाच्या मागच्या अरुंद पट्टीवर पळते. ताकद कमी पडली तर ती नुसती सावकाश जात नाही, तिचं वागणंच बदलतं. सॅम रेबर्नवर दुपारचं वादळ उठतं तेव्हा उघड्या पाण्यावर अशा रखडणाऱ्या बोटीत तास काढणं फार वाईट. म्हणून वेगाची तक्रार मला कधीच हौसेची वाटत नाही.

माझी बोट १९ फुटी, मागे कार्ब्युरेटरचं दीडशे हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक व्ही-सिक्स. विकणाऱ्याने ताशी ५८ मैल सांगितले होते. मला जीपीएसवर ४७ मिळाले आणि आरपीएम ४४००च्या वर जाईना. या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ५५०० हवेत असं लिहिलेलं आहे. एका वर्कशॉपने बोट पाण्यात न उतरवताच निकाल दिला : पंखा भारी आहे, २४ पिचचा काढून २१चा लावा.

ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं आणि म्हणूनच ते घातक आहे. पिच म्हणजे पंखा एका पूर्ण फेऱ्यात कागदावर किती इंच पुढे सरकायला हवा तो आकडा. पिच एक इंचाने कमी केला की आरपीएम साधारण दीडशे ते दोनशेने वाढतो. तीन इंच उतरवले असते तर मीटर पाच हजारांजवळ गेला असता, सगळ्यांचं समाधान झालं असतं, आणि खरा बिघाड आत तसाच राहिला असता.

त्याऐवजी मी कागद-पेन घेतलं. गणित शाळेतलं आहे. आरपीएमला गिअरच्या गुणोत्तराने भागायचं, आलेल्या उत्तराला पिचने गुणायचं आणि १०५६ने भागायचं. उत्तर मैलांत येतं. (मैलात ६३,३६० इंच आणि तासात ६० मिनिटं, त्यातून हा १०५६ येतो.) माझ्या इंजिनाचं गुणोत्तर १.८७. ४४०० आरपीएम आणि २४ पिच धरून उत्तर आलं साडेत्रेपन्न मैल. प्रत्यक्षात ४७. म्हणजे पंखा पाण्यात सुमारे १२ टक्के घसरत होता. बास बोटीला दहा-बारा टक्के घसर ठीकच. त्यामुळे पंखा पाणी नीट पकडतो आहे आणि इंजिनाची उंचीही फारशी चुकलेली नाही, हे घरबसल्या कळलं. प्रश्न उरला एवढाच की इंजिनाला फेरे का मिळत नाहीत. एक तर त्याची ताकद कमी पडते आहे, नाहीतर त्याच्यावर ओझं जास्त आहे.

सुरुवात फुकटच्या तपासणीपासून करावी. इंजिन बंद ठेवून एकाने थ्रॉटल पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने झाकण काढून कार्ब्युरेटरच्या झडपा पूर्ण आडव्या होतात का ते पाहायचं. केबल ताणली गेली असेल तर त्या पाऊणच उघडतात आणि लोक महिनोन्‌महिने बाकीचं काहीबाही बदलत बसतात. मग सगळे स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडायचे. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, हे विसरायचं नाही. तपकिरी असेल तर ठीक. एखादाच पांढराफटक दिसला तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पोहोचतं आहे. प्लगवर चंदेरी कण दिसले तर मात्र पिस्टन वितळायला लागला आहे. ते इंजिन पुन्हा चालू करायचं नाही. प्लग निघालेलेच असतात तेव्हा कॉम्प्रेशनही मोजून घ्यावं. बॅटरी पूर्ण भरलेली, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच झटके. आकडा किती मोठा येतो यापेक्षा सहाही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का हे महत्त्वाचं. माझे ११२ ते ११८च्या दरम्यान आले. इंजिनाचं हाड मजबूत होतं. ठिणगीही सहाही ठिकाणी होती. एक प्लग मात्र इतरांपेक्षा पांढरा होता.

पुढची युक्ती मला रॅम्पवर भेटणाऱ्या एका म्हाताऱ्या मासेमाराने सांगितली. ती मी आता सगळ्यांना सांगतो. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, प्रायमर बल्ब. पूर्ण थ्रॉटलला दुसऱ्या माणसाने तो बल्ब दाबत राहायचा. आरपीएम चढला तर इंजिन पेट्रोलला भुकेलं आहे हे नक्की. हे करताना बल्ब दाबणारा खाली बसलेला हवा, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट हवं आणि चालवणाऱ्याच्या अंगाला किल स्विचची दोरी हवी. तशीही २६ फुटांहून लहान बोटींना एप्रिल २०२१पासून ती दोरी अमेरिकेत कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हातारबा म्हणाले होते, “आधी बल्ब नुसता बघ. चपटा झाला असेल तर अडथळा टाकीकडे आहे. टम्म असूनही दाबल्यावर फरक पडला, तर पंप गेलाय.”

माझा बल्ब चपटा होत होता आणि दाबत राहिलं की आरपीएम पाच हजारांकडे सरकायचा. मग सहा गॅलनची सुटी टाकी आणली, ताजं पेट्रोल भरलं, तेल मिसळलं आणि नवी नळी थेट इंजिनाला जोडली. बोट ५१०० आरपीएमला पळाली. म्हणजे दोष बोटीच्या टाकीपासून बल्बपर्यंतच्या चार-पाच फुटांत होता. टाकीला हवा देणारं भोक साफ होतं. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल आपोआप गळू नये म्हणून एक छोटी झडप असते, तीही ठीक निघाली. राहिली राखाडी नळी. बाहेरून नवीकोरी दिसणारी. ती उभी चिरली तर आतलं अस्तर सुटून एका बाजूला गोळा झालेलं. इंजिन जोरात ओढायला लागलं की ते अस्तर शहाळ्यातली ओली स्ट्रॉ चेपावी तसं मिटायचं. कमी वेगात पेट्रोल पुरायचं, त्यामुळे संशय यायला जागाच नव्हती. पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून जी अस्तराची राखाडी नळी आली, त्या प्रकारच्या काही जुन्या नळ्यांत हा दोष सर्रास सापडतो. अस्तराचा चिकट अंश पुढे कार्ब्युरेटरमध्ये जाऊन जेटही बुजवतो. त्या पांढऱ्या प्लगच्या सिलिंडरचं जेट तसंच अर्धं बुजलेलं निघालं.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला थंडावा आणि वंगण देण्याचं बरंचसं काम पेट्रोल आणि त्यासोबत येणारं तेलच करतं. पेट्रोल कमी पडलं की तो सिलिंडर तापतो, आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. २१चा पंखा लावून मी त्याच भुकेल्या इंजिनाला आणखी जोरात फिरवलं असतं. म्हणून आग्रहाने सांगतो : आरपीएम कमी आहे म्हणून पंखा बदलायचा तो इंजिन धडधाकट असल्याची खात्री झाल्यावरच.

नळी बदलताना पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टरही बसवून घ्या. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषून घेतं आणि बोट उभी राहिली की पाणी तळाशी बसतं. पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल बोटीत भरायला अमेरिकेत मनाईच आहे. भारतात आता वीस टक्क्यांचं मिळतं. मालवण-तारकर्लीकडे पेट्रोलवर आउटबोर्ड चालवणाऱ्यांनी आपल्या नळ्या आणि फिल्टर याच नजरेने तपासावेत.

आकडे उलटे असतील तर वाट वेगळी. आरपीएम भरपूर आणि वेग नाही, अशा वेळी इंजिनाला हात लावू नका. पंख्याच्या मधल्या रबरी बुशपासून बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा आणि एक जोराची फेरी मारून या. रेघ तुटली तर बुश घसरतो आहे. इथल्या तळ्यांत पाण्याखाली बुडालेली झाडं उभी आहेत, त्यांवर आपटून हे हमखास होतं. रेघ शाबूत असेल तर इंजिन फार वर बसवलेलं आहे का पाहा. पंखा हवा ओढत असेल.

नळी बदलून, कार्ब्युरेटर साफ करूनही मला पुस्तकातले वरचे ५५०० मिळाले नाहीत, ५१००वरच गाडी थांबली. आता ताकद होती, म्हणजे ओझं पाहायचं. ट्रक तोलायच्या काट्यावर ट्रेलरसकट बोट तोलली, मग बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर त्याच काट्यावर नेला. वजाबाकी कंपनीने दिलेल्या वजनाहून बरीच जास्त आली. फरशीखालचा तरंगता फोम पाणी पिऊन बसला होता. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते निचरत नाही. फरशी उचलून फोम काढणं हे हिवाळ्याचं काम आहे आणि ते मी स्वतःच करणार आहे.

तुम्ही अजून बोट घेतली नसेल तर विकणाऱ्याला तळ्यावरच भेटा. अंगणात पाण्याच्या नळावर चालवून दाखवलेलं इंजिन काहीच सांगत नाही, कारण तिथे त्याच्यावर भार नसतो. पूर्ण थ्रॉटलला काही मिनिटं सलग चालवून दोन्ही आकडे स्वतः पाहा, परत आल्यावर कॉम्प्रेशन मोजा, आणि घरी नेण्याआधी तोलून घ्या. विकणारा पाण्यात उतरायला तयार नसेल तर त्याच्याशी भाव करू नका. दुसरी बोट शोधा.