ठासणीच्या बंदुकीचा बार : वेग आणि नेम

शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या कित्येकांचा समज असा की, दारू जितकी अधिक तितकी गोळी मारक. आम्हीही पूर्वी तसेच मानीत असू. परंतु गोल गोळीस हवा फार अडविते. सेकंदास २००० फूट व १६०० फूट वेगाने सुटलेल्या दोन गोळ्यांतील फरक १०० वारांवर निम्म्याहूनही कमी उरतो. उलट जादा दारूने गोळीभोवतीची चिंधी फाटते आणि नेम जातो. यास्तव कारखानदाराने नेमलेल्या मर्यादेच्या आत, कमी मापापासून काळी दारू थोडथोडी वाढवीत, टेकूवरून ५० वारांवर प्रत्येक मापाचे तीन बार काढून पाहावेत. दर बारानंतर नळी पुसावी. छिद्रे जवळजवळ पडतील तेच माप कायम करावे. काडतुसातील दारू मात्र ठासणीत कदापि घालू नये, नळी फुटते. रानडुकरासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये परवानगी अगोदर हवी, हे जुन्या कारकुनी सवयीने सांगून ठेवितो. जखमी डुक्कर उसात शिरले, तर माग काढणाऱ्याच्या जिवावर बेतते.