सिमेंटची जखम आणि केसपेपरवरची पहिली ओळ

स्लॅब भरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुडघे, घोटे नाहीतर पावलं दाखवायला कामगार येतात. कातडी काळपट पडलेली, मध्ये ओलसर पांढुरका चट्टा, कडेनं फोड. कशानं भाजलं विचारलं तर म्हणतात, "भाजलं नाही डॉक्टर, काल दिवसभर मालात उभा होतो." ओल्या सिमेंटनं माणूस भाजतो, ही गोष्ट अनेक वर्षं थापी चालवलेल्या गवंड्यालाही पुष्कळदा माहीत नसते. आजचा सल्ला त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि ज्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे अशा वाचकांसाठीही आहे. औषधाचं आधी सांगतो, कागदाचं नंतर. कागदाकडे आम्ही डॉक्टरही नीट लक्ष देत नाही, म्हणून तो भाग जरा सावकाश वाचा.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यात चुना तयार होतो आणि मालाचा पीएच 12 ते 13 च्या घरात जातो. आपल्या कातडीचा असतो साधारण साडेपाच. इतका तीव्र अल्कली पदार्थ कातडीतल्या स्निग्धांशाचा अक्षरशः साबण करतो आणि खाली खाली उतरत राहतो. ॲसिड पडलं तर लगेच आग होते, माणूस पाण्याकडे पळतो. इथे पहिले काही तास फारसं दुखतच नाही. गमबुटात वरून माल शिरतो, मोजा भिजतो आणि स्लॅब मध्येच थांबवता येत नाही म्हणून तोच बूट संध्याकाळपर्यंत पायात राहतो. कोबा घोटायला गुडघे टेकून बसणाऱ्याची पँट अशीच भिजलेली राहते. रात्री आग सुरू होते तोवर जखम खोल गेलेली असते. काहींना दुसरीकडची कातडी काढून लावावी लागते. मधुमेहानं ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना तर रात्रीही कळत नाही.

उपाय साधा आहे, पण तो कामावरच आणि लगेच व्हायला हवा. भिजलेला बूट, मोजा, कपडा तिथल्या तिथे काढा. कोरडी पावडर अंगावर असेल तर आधी झटका, मग वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धुवा. क्युरिंगची नळी हाताशी असते, ती चालेल. लिंबू, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. फोड फोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही सांगा. खिळे आणि गंजक्या सळया यांच्यात वावरणाऱ्याला ते वेळच्या वेळी मिळालेलं असावं.

डोळ्याचं मात्र वेगळं सांगतो, कारण तिथे मिनिटं मोजावी लागतात. माल उडून डोळ्यात गेला तर दवाखान्याकडे धावण्याआधी डोळा धुवा. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या, दुसऱ्यानं स्वच्छ पाण्याची धार सोडायची, अर्धा तास तरी. वरच्या पापणीच्या आत चुन्याचे कण अडकून बसतात आणि बुबुळ जाळत राहतात, म्हणून धुऊन बरं वाटलं तरी नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जायचं. मध, दूध, तूप, किंवा औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब, काही नको. असे डोळे कायमचे गेलेले मी पाहिले आहेत. ते वाचवायला वीस-तीस रुपयांची पाण्याची बाटली पुरली असती.

मिक्सरच्या हॉपरमध्ये किंवा लिफ्टच्या दोरात बोट तुटलं, तर तुटलेलं बोट स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते जोडण्यालायक राहत नाही. उंचावरून पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका. मणक्याला मार असला तर त्या उचलण्यानंच पाय लुळे पडतात. सेंट्रिंगचा प्लाय किंवा फळी असतेच, तिच्यावर सरळ सरकवून न्या. व्हायब्रेटरचा शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात. तो उठून चहा प्यायला तरी ईसीजी काढून घ्या, आणि लघवी काळपट-लाल झाली तर रुग्णालयात दाखल व्हा.

हळूहळू होणाऱ्या दुखण्यांना कोणी दुखापत समजत नाही. सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. हात फुटतात, खाज सुटते, दुकानातली मिक्स क्रीम चोळून वर बुरशी येते. युरोपात 2005 पासून सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या क्रोमियमवर किलोमागे 2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे तूर्त हातमोजा, जेवणाच्या सुट्टीत हात धुणं आणि मग खोबरेल तेल, एवढंच हातात आहे. रॉकेलनं हात धुऊ नका, त्यानं कातडी आणखी उघडी पडते. आणि जे भिंतीत झिऱ्या मारतात, ग्राइंडर किंवा ब्रेकर चालवतात त्यांच्या छातीत सिलिकाची धूळ बसते. तिनं होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. त्याच्या जोडीला टीबी लवकर होतो, आणि टीबीच समजून पुन्हा पुन्हा टीबीचे कोर्स दिले जातात. खोकला, दम घेऊन गेलात तर काय काम करता ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि लिहायला लावा. पाणी मारत कापलं तर धूळ पुष्कळ कमी उडते; तोंडाला रुमाल बांधून तिच्यातले बारीक कण अडत नाहीत.

आता कागद.

जखमी कामगाराला रुग्णालयात कोण घेऊन येतं? मुकादम. आणि "काय झालं?" याचं उत्तर कोण देतं? तोच. कामगार कळवळत असतो, कधी बेशुद्ध असतो, कधी कन्नड, बंगाली किंवा तेलुगू बोलणारा असतो. मुकादमाला पोलिसांची भानगड नको असते, म्हणून केसपेपरवर येतं: "घरी जिन्यावरून पडला." ड्युटीवरचा डॉक्टर ऐकतो ते लिहितो. सहा महिन्यांनी हाच कागद पुरावा म्हणून समोर येतो आणि ठेकेदाराचा वकील तीच ओळ वाचून दाखवतो. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे की भरपाईचा दावा हरतो तो बहुतेकदा या पहिल्या ओळीत. त्यामुळे शक्य असेल तर स्वतःच्या तोंडानं सांगा, नाहीतर बरोबरच्या सहकाऱ्याला सांगू द्या: तारीख, वेळ, साइटचं नाव, ठेकेदाराचं नाव, कोणतं काम करताना, कोणत्या यंत्रात. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करून घ्या आणि तिचा नंबर टिपून ठेवा. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयानं हे 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि तुमच्या उपचारांच्या नोंदींची प्रत लेखी मागितली तर 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

कायद्याचं मला कळतं तेवढं सांगतो. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकानं द्यायची हे तत्त्व आपल्याकडे 1923 च्या कायद्यापासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही हे तत्त्व कायम आहे. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "चूक माझीच होती साहेब, माझंच लक्ष नव्हतं," असं म्हणत गप्प बसणारे मला नेहमी भेटतात. लक्ष नव्हतं म्हणून हक्क जात नाही. नाक्यावरून एका दिवसासाठी उचललेला बिगारीही यात येतो, नेमणुकीचं पत्र नसलं तरी. ठेकेदार गायब झाला तर ज्या बिल्डरचं काम चाललं होतं त्याच्याकडे भरपाई मागता येते. साइटच्या दारातल्या फलकावर त्याचं नाव आणि महारेरा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाइलवर आलेली खर्ची, हजेरीची वही, मुकादमाशी झालेले मेसेज हे सगळे कामावर असल्याचे पुरावे आहेत.

रक्कम किती? कामगारांचा अंदाज इतका कमी असतो की एक हिशेब मांडतो. कायमच्या दुखापतीसाठी पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा घटक, आणि त्यातून अपंगत्वाची टक्केवारी. 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी महिना 15,000 रुपयांपर्यंतचा पगार धरतात. तिसाव्या वर्षीचा घटक 207.98. म्हणजे पूर्ण अपंगत्वाला 18,71,820 रुपये. अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या तक्त्यात 30 टक्के, म्हणजे 5,61,546. एका डोळ्याची दृष्टी गेली, दुसरा चांगला असला, तरी 30 टक्केच. दवाखान्याचा खर्च यात धरलेला नाही, तोही मालकानंच द्यायचा. आणि हा कामगार उपचारांवर असताना "पन्नास हजार घे आणि मिटव" म्हणून त्याच्यापुढे कागद येतो. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यानं निरर्थक आहे. तरीही कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. नंतर ते निस्तरायला वर्षं जातात.

टक्केवारी ठरवताना डॉक्टरला तुमचं काम माहीत असणं फार महत्त्वाचं. 1975 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेल्याचं मानलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. गवंड्याचा मनगटाचा सांधा आखडला तर कारकुनापेक्षा त्याचं नुकसान जास्त आहे, हे तुमच्या दाखल्यात उतरलं पाहिजे. दाखल्यासाठी जाताना आपण सळई बांधतो की थापी चालवतो, हे नीट सांगा.

दोन गोष्टींची गल्लत होते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची मदत वेगळी आणि मालकाची भरपाई वेगळी. एक घेतली म्हणून दुसरी बुडत नाही. मंडळात 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते आणि ती चालू ठेवावी लागते. नोंदणी जिवंत असेल तर कामावर मृत्यू आल्यास वारसाला 5 लाख आणि 75 टक्के कायमचं अपंगत्व आल्यास 2 लाख अशी मंडळाची योजना आहे. ज्याचा ईएसआयचा विमा आहे त्याला मात्र भरपाई ईएसआयकडूनच मिळते, आणि उपचाराच्या काळात पगाराच्या 90 टक्के रक्कमही. आरएमसी प्लांटवर नोकरी असेल तर आपला विमा उतरवला आहे का, हे आजच विचारून घ्या.

ज्या वाचकांच्या घराचा स्लॅब भरायचा आहे त्यांनी त्या दिवशी एक पिंप स्वच्छ पाणी, चार-पाच जोड रबरी हातमोजे आणि डोळे धुवायला दोन सीलबंद बाटल्या ठेवाव्यात. स्लॅबच्या जेवणावर जेवढा खर्च होतो त्याच्या मानानं हे काहीच नाही. आणि ज्यांची दुखापत होऊन गेली आहे त्यांनी तारीख पाहावी. भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो. ती मुदत उलटली नसेल तर या आठवड्यात जुने केसपेपर, एक्स-रे, बिलं एकत्र करा आणि 15100 या क्रमांकावर फोन करा. ती विधी सेवा प्राधिकरणाची लाइन आहे. कामगारांना, स्त्रियांना आणि अपंगत्व आलेल्यांना तिथून वकील फुकट मिळतो.